पाचवं ताट

१

महादेवीआत्याचा दिवस पाण्यापासून सुरू व्हायचा. उठली की आधी अंघोळ. मग भिंतीकडे तोंड करून बसायचं, गळ्यातलं इष्टलिंग सोडून डाव्या तळहातावर घ्यायचं, त्यावर पाण्याची धार धरायची, भस्म लावायचं आणि डोळे मिटायचे. एवढं झाल्याशिवाय भाकरीचा तुकडा राहिला बाजूला, पाण्याचा घोटसुद्धा तिच्या घशाखाली उतरायचा नाही. मग अंगात ताप असो की दारात वरात असो. "अंघोळ न्हाई तर पूजा न्हाई, आन् पूजा न्हाई तर तोंडात काय न्हाई," असं तिचं सरळ गणित. उन्हाळ्यात झरी गावाला नळ आठवड्यानं यायचा, पण घरात सगळ्यांत आधी भरायची ती आत्याची घागर.

शंभुराज तिच्या भावाचा मुलगा. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली, आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेल्या आत्यानं त्याला वाढवलं. आता वडीलही नव्हते. गावात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान बरं चाललं होतं. घरात तो, बायको ईश्वरी आणि आत्या, एवढीच माणसं.

मे महिन्यात योगीराजचा फोन आला. हा जवळच्या पिंगळी गावचा, शाळेपासूनचा दोस्त. रत्नागिरीला नोकरी लागली, तिथलीच भक्ती बायको केली, फ्लॅट घेतला. "शंभ्या, नुसतं येतो येतो करायलास. ये की आता दोन-तीन दिवस."

दुकानात तेव्हा गिऱ्हाइकं बसलेली. ऐकणारे कान दिसले की माणसाची जीभ सैल सुटते. शंभुराज जरा मोठ्यानंच म्हणाला, "येतो की. आत्यालाबी आणतो. जन्मात तिनं दर्या पाहिला न्हाई."

गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. पोरगा असावा तर असा! संध्याकाळपर्यंत गोष्ट आत्याच्या कानावर गेली, आणि दुसऱ्या दिवशी आत्यानं ती घरोघर जाऊन गल्लीच्या कानावर घातली. शेजारच्या सरजाबाईनं दर्यावरचा शंख मागितला. सरजाबाईच्या आणि यांच्या परसात मधे एकच बुटकी भिंत, दोघी म्हाताऱ्यांचं निम्मं आयुष्य त्या भिंतीवरून बोलण्यात गेलेलं. आणखी कुणी बाटलीभर खारं पाणी मागितलं. आत्यानं कुणालाच नाही म्हटलं नाही.

जायचा दिवस जवळ आला तसा शंभुराजचा उत्साह ओसरायला लागला. आत्याला गाडी लागते. मिश्री लावून ती खिडकीतून थुंकते. तिचं बोलणं म्हणजे या बांधावरून त्या बांधाला मारलेली हाक. भक्तीवहिनीच्या चकचकीत फरशीवर ही भस्म सांडत फिरणार, वहिनी वरवर हसणार आणि मनात काय म्हणणार, ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. त्याला आत्याची लाज वाटायला लागली होती. आणि तिला नको म्हणायचीही लाज वाटत होती, कारण गल्लीत त्याचं नाव झालं होतं. दोन लाजांच्या मधे सापडलेला माणूस सहसा तोंड न उघडता जमेल ते करतो. त्यानंही तेच केलं.

२

निघायचं पहाटे ठरलं होतं. आत्या बाहेरच्या खोलीत झोपली होती, नवं लुगडं नेसून, गाठोडं उशाला घेऊन. रात्रभर जागी राहिली असणार आणि नेमका आत्ता डोळा लागला असणार.

"उठवा की," ईश्वरी हळूच म्हणाली.

"झोपू दे. एवढ्या लांब लय हाल व्हतेल तिचे. सरजामावशी हाय की शेजारी."

"मावशीला सांगितलंय का?"

"सकाळी फोन करतो."

ईश्वरी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं घागर भरून आत ठेवली आणि डब्यात दशम्या ठेवल्या. शंभुराजनं समोरच्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. आत्याचा राबता मागच्याच दारानं, परसातून, तेव्हा यात वावगं काही नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दार नुसतं लोटलेलं दिसलं असतं तर गल्लीनं विचारलं असतं, हे खरं कारण होतं. गाडी त्यानं चालू केली नाही. कोपऱ्यापर्यंत दोघांनी ती ढकलत नेली, आपल्याच घरातनं चोरी करून निघाल्यासारखी.

सकाळी फोन काही झाला नाही. आंबाजोगाईला चहाला थांबल्यावर करू म्हणाला, मग लातूरला करू म्हणाला. सोलापूर येईतो ऊन डोक्यावर आलं. एव्हाना आत्या परसात आली असेल, सरजामावशीनं तिला पाहिलं असेल, आता फोन म्हणजे आपण होऊन शिव्या खाणं. आत्याकडे स्वतःचा फोन नव्हताच. त्यानं फोन खिशात टाकला आणि गाण्यांचा आवाज वाढवला.

३

रत्नागिरीला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. हवा ओली, अंगाला चिकटणारी. भक्ती खाली उतरून आली आणि त्यांच्या मागे गाडीत डोकावली.

"आत्या कुठायत?"

"गुडघे धरले हो वहिनी तिचे. ऐन वेळेला नको म्हणाली."

"अरेरे! मी त्यांच्यासाठी छोटी खोली आवरून ठेवली होती. बुटकी खाट घातली, तांब्या-भांडं ठेवलं." ईश्वरी आपल्या चपलांकडे बघत उभी राहिली.

रात्री भक्तीनं टेबलावर ताटं मांडली ती पाच. मग स्वतःच हसली. "मनात पाचजण धरले होते ना, हात तसाच चालला." सगळे हसले. शंभुराज जरा जास्तच हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाच ताटं. या वेळी ती हसली, पण उशिरा.

रात्री पाचव्या ताटात भातही वाढलेला होता. योगीराज म्हणाला, "अगं भक्ती, काय चाललंय तुझं?"

"मी चारच काढली होती," ती म्हणाली. तिनं ताट उचललं, भात पातेल्यात परत घातला आणि ताट लगेच धुऊन टाकलं. जेवताना मग आंब्याच्या भावाविषयी बोलणं झालं.

४

ईश्वरीनं धुतलेले कपडे भक्तीनं त्या छोट्या खोलीत वाळत घातले होते. ती कौतुकानं सांगत होती, "गंमत बघा. आमच्याकडे मेमध्ये टॉवेल दोन-दोन दिवस दमट राहतो. कालपासून या खोलीत काहीही टाका, तासाभरात कडकडीत!"

शंभुराजनं टॉवेलला हात लावला. पापडासारखा वाळला होता. खोलीत तो क्षणभरच उभा राहिला, पण ती हवा त्यानं ओळखली. नाकाच्या आत चरचरणारी, टाळू सुकवणारी, पत्र्याखालच्या बंद घरातली दुपार. झरीची. भिंतीपलीकडे नारळाची झाडं ओल्या वाऱ्यात हलत होती आणि या दहा बाय दहाच्या खोलीत त्याच्या ओठांना चिरा पडायला लागल्या होत्या.

खाटेशेजारचा तांब्या रिकामा होता.

"हा मी सकाळीच भरला होता," भक्ती म्हणाली. "हे पितात की काय येता-जाता?"

योगीराजनं कानावर हात ठेवले. शंभुराज म्हणाला, तांब्या गळत असेल. बोलल्यावर त्याला बरं वाटलं, कारण गळणारा तांब्या म्हणजे कुणाच्याही घरी असणारी वस्तू. त्यानं स्वतः तो काठोकाठ भरला, खाली वर्तमानपत्राचा कागद घातला आणि दार लावून घेतलं. चहा पिऊन येऊन पाहिलं. तांब्यात थेंब नव्हता, आणि कागद कोरडा होता. तो माणूस दुकानदार. उन्हाळ्यात पाणी उडतं हे त्याला माहीत होतं आणि किती उडतं हेही माहीत होतं. त्यानं पुन्हा तांब्या भरला नाही.

५

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. योगीराज आणि भक्ती शहाळी आणायला गेली. ईश्वरी घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती आणि पाण्याकडे बघतही नव्हती.

"ती घागर किती दिवस पुरंल?" तिनं विचारलं.

"परसात बॅरल भरलंय की."

"परसातच हाय ना ते."

"मग?"

"परसात आली की सरजामावशीला दिसंल. अवो, सगळ्या गल्लीला सांगून आलती ती, दर्याला चालले म्हणून. आता कुणाला तोंड दाखवंल का ती?"

ईश्वरीला माहीत नव्हती अशी एक गोष्ट शंभुराजला माहीत होती. तो शाळेत असताना भावकीतल्या एका लग्नाचं बोलावणं आत्याला आलं नाही. त्या दिवशी तिनं घराला आतून कडी घातली, चूल पेटवली नाही, दिवा लावला नाही, आणि गल्लीला वाटावं लग्नालाच गेलीय, म्हणून दिवस मावळेपर्यंत मुकाट अंधारात बसून राहिली. शंभुराजलाही तिनं मांडीशी धरून गप्प बसवलं होतं. त्याला तहान लागली तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हळूच हात ठेवला होता. तो दिवस हिवाळ्यातला होता.

"सरजामावशीनं पाहिलं असंल एव्हाना," तो म्हणाला.

"मग तिचा फोन कसा न्हाई?"

"रागात असंल."

"लावा की तुमी."

"लावतो. घरी गेल्यावर."

जनाची नाही तर मनाची तरी लाज असावी म्हणतात. शंभुराजकडे जनाची मुबलक होती. मनाच्या लाजेला तिथं जागाच उरली नव्हती. फोन लावायचा म्हणजे सांगावं लागणार, मावशी, तिला नेलंच नाही. गिऱ्हाइकांत, भावकीत, देवळात, सगळीकडे ते जाणार. तेवढ्यात योगीराज शहाळी घेऊन आला आणि म्हणाला, "उद्या कशाला पळायलास? आणखी एक दिवस ऱ्हा." खरं तर घरी जायची भीती वाटत होती म्हणून शंभुराज म्हणाला, "ऱ्हातो की."

ईश्वरीनं शहाळं घेतलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले. शंभुराजला झोप नव्हती. पंख्याच्या आवाजाखाली त्याला दुसरा आवाज ऐकू येत होता. धातूवर धातू घासल्याचा. रिकाम्या तांब्याच्या तळाशी भांडं फिरवून कुणी उरलंसुरलं पाणी शोधावं, तसा. थांबायचा, पुन्हा यायचा. घाई नव्हती त्याला, आणि सोडूनही देत नव्हता.

मांजर असेल, त्यानं ठरवलं. तिसऱ्या मजल्यावर मांजर कुठून येणार, हा प्रश्न त्यानं स्वतःला विचारला नाही. उठून आतल्या बोळातून तो त्या खोलीपर्यंत गेला. दार बोटभर उघडं होतं.

सगळं दिसलं नाही. एक पाऊल दिसलं, टाचेला भेगा, धूळ बसलेल्या. लुगड्याचा काठ दिसला, नवा, घडीचा मोड अजून न गेलेला. मांडीवर डावा हात, तळवा वर करून खोलगट धरलेला. उजव्या हातात तांब्या होता आणि तो डाव्या हातावर हळूहळू कलत होता. कलला, आणखी कलला, पालथा झाला. काहीच पडलं नाही. डावा हात तसाच राहिला, वाट बघत.

भीती वाटायला हवी होती. शंभुराजला वाटली ती लाज, इतकी की कानशिलं तापली. तान्हेपणापासून ओळखीचा तो हात होता आणि त्याला पाण्याची धार हवी होती, एवढंच. आत जायला दोन पावलं पुरली असती.

त्यानं दार ओढून घेतलं. आत्यावर त्यानं दार ओढायची ही दुसरी वेळ, आणि या वेळी ती झोपलेली नव्हती.

"भाऊजी, आत कोण आहे?" भक्ती मागे उभी होती.

"कुणी न्हाई."

"मी मघाशी तिथं चहा ठेवून आले. का ठेवला, मला सांगता येत नाही. हातानं केला आणि नेऊन ठेवला." तिचा चेहरा उतरला होता. "खरं सांगा. आत्या कुठायत?"

"घरी हायत. मजेत."

"मग फोन लावा. आत्ता, माझ्यासमोर. मला त्यांचा आवाज ऐकायचाय."

७

बोलण्यानं योगीराज जागा झाला, ईश्वरी उठून आली. सगळ्यांच्या मधे उभं राहून शंभुराजनं सरजाबाईला फोन लावला. भक्तीनं हात पुढे करून स्पीकर चालू केला.

"कोण, शंभू? माय, किती दिसानं रं! म्हादेवी कशी हाय?"

खोलीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. ईश्वरीनं पदर तोंडाशी नेला. अजूनही वेळ होती. शंभुराजनं तोंड उघडलं आणि सवयीचंच बाहेर पडलं.

"मजेत हाय."

योगीराज त्याच्याकडे बघतच राहिला.

"घर... घर बरं हाय ना मावशी?"

"कुलूप हाय तसंच. मी बघते की येता-जाता. मागलं दारबी बंद हाय, काय घोर करू नको. उन्हानं मात्र जीव खाल्लाय बाबा, लाईट न्हाई दोन दिस झाले. तू लय चांगलं केलास बग तिला नेलास ते. गल्लीत तुझंच नाव चालू हाय. दे की तिला फोन."

"ती आत हाय. निजलीय."

"दुपारची निजती व्हय ती कधी? ने की आत. बोलल्याबिगर मी ठिवत नसते."

भक्ती बाजूला झाली आणि वाट मोकळी राहिली. शंभुराज त्या खोलीपर्यंत गेला. फोन क्षणभर आत धरायचा, झोपलीय म्हणायचं आणि बंद करायचा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्यानं दार ढकललं. खाट रिकामी होती. खाली तांब्या, शेजारी चहाचा कप, वर साय धरलेली. माणूस नव्हतं. त्यानं हात लांब करून फोन त्या कोरड्या हवेत धरला आणि मान दुसरीकडे वळवली.

"म्हादेवे! काय गं, बगितला का दर्या?"

खोलीत कसलाही आवाज झाला नाही.

"आं? मोठ्यानं बोल की. आवाज असा काय झालाय तुझा, घसा बसलाय का?" सरजाबाई थांबली. ऐकत असावी. "न्हाई? आन् का गं न्हाई बगितला?"

पुन्हा बराच वेळ काही नाही. मागे योगीराजनं भक्तीचा दंड धरला होता.

"बरं," सरजाबाई म्हणाली. आवाज उतरला होता तिचा. "बरं, सांगते. शंभू? हायस का रं?"

"हाय."

"ती म्हणायली, मागल्या दाराची कडी लय घट्ट बसलीय, हाताला निघंना झालीय. शंभूला म्हण, सरजाला उघडायला सांग, म्हणायली. कुठलं दार रं? तुझ्या दोस्ताच्या घरी एवढी कसली कडी हाय?"

ईश्वरी भिंतीला टेकत खाली बसली. मग शंभुराजचा आवाज आला, या बांधावरून त्या बांधाला जावा एवढा मोठा. चकचकीत फ्लॅटमध्ये, वहिनीसमोर, दोस्तासमोर.

"आमचं, मावशी! आमचंच दार, परसातलं! आत हाय ती. आमी तिला नेलंच न्हाई!"

इतके दिवस ज्या शिव्यांना तो भ्याला होता, त्यातली एकही आली नाही. सरजाबाईनं फोन बंदसुद्धा केला नाही, कुठंतरी टाकून दिला. तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. मग लांबूनच तिची हाक, "म्हादेवे! अगं म्हादेवे!" आणि पुन्हा तीच हाक, भिंतीपलीकडून यावी तशी. दारं उघडल्याचे आवाज आले. कुणीतरी पहार आण म्हणून ओरडलं. बरीच माणसं धावत आली असावीत. लाकडावर घाव पडायला लागले.

घाव थांबले. थोडा वेळ झरीच्या त्या परसातून काहीच ऐकू आलं नाही.

मग फोनच्या अगदी जवळ एक पुरुषी आवाज म्हणाला, "आन् शंभू? शंभू कुठं हाय?"

"दर्या बघायलाय," सरजाबाई म्हणाली.